आमच्या दाजींची इस्पानी

इतक्या मेहनतीने स्वतःचं वाटोळं करून घेणारा माणूस आमच्या दाजींखेरीज अख्ख्या पुण्यात दुसरा झाला नाही. दाजी म्हणजे माझ्या आक्काचे यजमान, पेशव्यांच्या तोफखान्यात कारकून. मी धुळाक्षरांपुढे गेलो नाही, नि त्याची मला लाजही नाही; पण शहाणा माणूस विद्येपायी कसा वाया जातो, ते मी जवळून पाहिलं आहे.

हडपसरच्या छावणीत स्पेन देशीचा एक म्हातारा गोलंदाज होता. त्याच्याकडून दाजी इस्पानी शिकत. तो बोलायचा ते सगळं मागे राहिलेल्या गावाचं, म्हणून दाजींनी आरंभही सरल्या काळाच्या क्रियापदांपासूनच केला, आणि तोही पंतोजींच्या शिस्तीने: पहिला धडा उलटसुलट पाठ झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. आब्लाबा, आब्लाबास, आब्लाबामोस. मी बोलायचो, तू बोलायचास, आम्ही बोलायचो. भाषा म्लेंच्छांची, म्हणून हे सगळं पारोशाने! अंघोळीनंतर एखादं रूप तोंडून निसटलं की विटाळ, पुन्हा विहिरीवर. थंडीत दाजी निळे पडत, पण पाठ सोडीत नसत. वडिलांच्या श्राद्धाला तर कळस झाला. ब्राह्मण मौनाने जेवताहेत, दाजी तूप वाढताहेत, आणि सकाळपासून अडलेलं रूप त्यांना एकदम आठवलं. "आब्लाबाइस!"

भटजींचा घास हातात राहिला. "अहो, हा कुठल्या शाखेचा मंत्र?"

"मंत्र नव्हे. अर्थ असा, की तुम्ही सगळे बोलायचात."

ब्राह्मण पानावरून उठले. आक्काने सगळा स्वयंपाक पुन्हा रांधला.

पुढे सरकारात इस्पानीच्या दुभाष्याची जागा निघाली. कारकुनीत आक्काने सदा ओढाताणच पाहिली होती. तिने या जागेसाठी देव पाण्यात घातले. सरदारांपुढे जायचं त्याच सकाळी छावणीतून निरोप आला: गोलंदाज शेवटच्या घटका मोजतो आहे.

"आज नका ना जाऊ," आक्का म्हणाली.

"त्याचं बोलणं कळणारा इथे दुसरा कोण आहे?" एवढं म्हणून दाजींनी हडपसरची वाट धरली.

जागा ज्याला मिळाली, त्याला इस्पानीतल्या फक्त शिव्या येत होत्या. दरबारात तेवढ्यावर भागतं.

आक्काने बोलणं टाकलं. शेवटी मीच सुनावलं, "दाजी, एवढं घालवून ऐकून काय आलात?"

दाजी चुलीकडे बघत राहिले. "म्हणाला, आईच्या हातांना लसणाचा वास यायचा."

मूर्ख माणूस, असं मी आजही म्हणतो. आक्काने मात्र त्यांच्यापुढे पाट सरकवला आणि हळूच विचारलं, "आणि वडील? वडिलांचं काही बोलला?"