इंचकाकांची हरकत

आमच्या गल्लीत त्यांना सगळे इंचकाका म्हणतात, तोंडावरसुद्धा. पालिकेच्या करआकारणी खात्यात त्यांनी एकतीस वर्षं लोकांची घरं मोजली. घरपट्टी घराच्या क्षेत्रफळावर बसते आणि ते क्षेत्रफळ कोणीतरी टेप लावून काढावं लागतं. आमच्या भागात ते कोणीतरी म्हणजे इंचकाका. निवृत्त झाल्यावरही त्यांची नजर तशीच राहिली. कोणाकडे जेवायला गेले तर आधी टेबल बघायचे आणि म्हणायचे, "पावणेतीन फूट रुंद. चौघं नीट बसतील, पाचवा कोपर मारेल." आणि पाचवा खरंच कोपर मारायचा.

गेल्या वर्षी काकू गेल्या. शाळेच्या ग्रंथालयात नोकरी होती त्यांची. सकाळी डबा घेऊन गेल्या आणि दुपारी शाळेतून फोन आला. काकांनी पुढचं सगळं रीतसर केलं. दवाखान्याचे कागद, मृत्यूचा दाखला, बँक, शाळेतलं कपाट रिकामं करणं. रडले मात्र नाहीत. कोणी गळ्यात पडलं की त्याच्या पाठीवर दोनदा थोपटायचे, जणू त्या माणसाचंच कोणी गेलंय. गल्लीतून डबे जात होते. सगळे डबे संध्याकाळी सातच्या आत धुऊन, पुसून, ज्याचे त्याला परत मिळायचे. एकदा आईने विचारलं, "भाजी आवडली का हो?" तर म्हणाले, "संपवली."

मग नव्या दराचं घरपट्टीचं बिल आलं. सगळ्यांचंच वाढलं होतं, पण इंचकाकांचं जास्त टोचणारं होतं, कारण काकूंचा पगार थांबला होता आणि उरली होती एकट्याची पेन्शन. त्यांची लेक हॉस्पिटलच्या औषधविभागात काम करते. शाळेत ती माझ्या वर्गात होती, त्यामुळे पुढचं बरंचसं मला तिच्याकडूनच कळलं. त्या रविवारी ती बिल हातात घेऊन बसली.

"बाबा, एवढं भरून तुम्हाला औषधांना तरी पैसे उरतील का?"

"औषध एकच आहे."

"मस्करी करू नका."

"मस्करी नाही. एकच आहे. बीपीचं."

ती म्हणाली, घर विका आणि माझ्याकडे चला, मागची खोली तुमचीच आहे. काका म्हणाले, आधी हरकत घेऊन बघतो. बिल मिळाल्यापासून एकवीस दिवसांत हरकत घेता येते, त्यातले चार गेलेत. लेकीने मग स्पष्टच ठरवून टाकलं. हरकत मान्य झाली आणि बिल पेलण्याइतकं खाली आलं तर काकांनी इथेच राहायचं. नाही आलं तर या उन्हाळ्यात घर विकायचं आणि त्यावर परत चर्चा नाही.

"कबूल?"

"कबूल."

"तुम्हाला स्वतःला काय वाटतंय, ते तरी सांगा."

काकांनी खरंच विचार केला, असं ती म्हणते. बराच वेळ केला. "काही वाटत नाही," ते म्हणाले. "पण राहायचं इथे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी घर मोजायला काढलं. टेपने एकट्याने घर मोजणं किती कटकटीचं असतं हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. शून्याचं टोक समोरच्या भिंतीला कोणीतरी धरून ठेवावं लागतं, नाहीतर टेप ताणली की ते निसटतं. त्यांनी टोकावर इस्त्री ठेवली. निसटलं. मग इस्त्रीवर शब्दकोश ठेवला. एकेक खोली तीन तीन वेळा मोजून दुपारपर्यंत आकडा आला: सहाशे चौऱ्याण्णव चौरस फूट. बिलावर होते आठशे वीस.

एकशे सव्वीस चौरस फूट म्हणजे बेरजेतली चूक नव्हे, अख्खी खोली आहे ती.

लेक त्यांना घेऊन पालिकेत गेली आणि जुन्या मोजणी पत्रकाची नक्कल मागितली. अभिलेख कक्षातला कारकून काकांना ओळखत होता. "या या इंचसाहेब, आता स्वतःच्याच घराच्या मागे लागलात का?" असं म्हणत त्याने एकोणीस वर्षांपूर्वीची वही काढली. लेकीने पान वाचलं. बाहेरची खोली, आतली खोली, स्वयंपाकघर, न्हाणीघर, जिना. आणि शेवटच्या ओळीत: मागील खोली, बंदिस्त, चौदा बाय नऊ.

"बाबा, ही कुठली खोली?"

त्यांच्या घरामागे चार पाइपांवर टाकलेला पत्रा आहे. त्याखाली धुण्याचा दगड आणि वायरची दोरी. भिंत फक्त घराची, बाकी तिन्ही बाजू उघड्या. पाऊस तिरका आला की कपडे परत भिजतात. असलं उघडं छप्पर करात धरत नाहीत हे खात्यातला शिपाईसुद्धा सांगेल.

"कोणी लिहिलंय हे?" ती चिडली. "कुठल्या गाढवाने—"

कारकुनाने वही थोडी फिरवली आणि खालच्या सहीवर बोट ठेवलं. सही इंचकाकांची होती.

झालं होतं ते असं. त्या वर्षी सगळ्या शहराची एकदम फेरमोजणी होती आणि माणसं कमी होती. एरवी मोजणाऱ्याला स्वतःची गल्ली कधी देत नाहीत, त्या वेळी दिली. काकांनी गल्लीतली एकूणएक घरं इंचाला इंच लावून मोजली आणि स्वतःचं घर सगळ्यात शेवटी ठेवलं. लोक म्हणणार, याने स्वतःचं कमी लिहिलं. बरोबर लिहिलं असतं तरी म्हणणारच होते. म्हणून त्यांनी पत्र्याखालची जागा खोली म्हणून लिहिली. हाताखालचा माणूस रजेवर होता, टेपचं टोक काकूंनी धरलं होतं. आकडा ऐकून काकू म्हणाल्या होत्या, "खोली लिहितोच आहात, तर एकदा बांधून तरी द्या."

हे काकांनी रिक्षात बसून लेकीला सांगितलं, बसचं वेळापत्रक सांगावं तशा आवाजात. ती हसली आणि मग तिला रडू आलं. काका बाहेर बघत होते. "हा रस्ता अठरा फुटी होता," ते म्हणाले. "आता चोवीस केलाय."

काकांनी हरकतीचा अर्ज दिला, कारणाचा रकाना तेवढा कोरा ठेवून. सुनावणी बिल मिळाल्यापासून सोळाव्या दिवशी लागली. सुनावणी अधिकारी बाई पस्तिशीच्या असतील. टेबलावर फायलींचा ढीग, एका फायलीवर अर्धवट खाल्लेलं सफरचंद. त्यांनी कागद चाळले आणि खुर्ची पुढे ओढली.

"काका, मी नोकरीला लागले तेव्हा तुमची पत्रकं आम्हाला नमुना म्हणून दाखवायचे. तुम्हाला उगाच त्रास द्यायची माझी इच्छा नाही. सोपा मार्ग सांगते. कारणाच्या रकान्यात लिहा, मागील खोली गेल्या वर्षी पाडली. मी आज मंजूर करते. तपासायलाही कोणी येणार नाही."

"पाडली नाही."

"ठाऊक आहे मला."

"ती नव्हतीच."

"तेही ठाऊक आहे." बाईंनी पेन खाली ठेवलं. "पण 'नव्हतीच' असं लिहिलंत, तर ती मूळ नोंदीतली चूक ठरते. चूक नाही, जाणूनबुजून केलेली खोटी नोंद. आणि मोजणाऱ्याची एक नोंद खोटी निघाली, की त्या वहीतली त्याची सगळी घरं परत मोजायची, असा नियम आहे. म्हणजे तुमची अख्खी गल्ली. समजतंय ना?"

काकांना समजत होतं. दुसऱ्या कोणापेक्षाही जास्त समजत होतं. एकोणीस वर्षांत गल्लीत काय काय वाढलंय याचा हिशोब त्यांच्या डोळ्यांत होता. बेकरीवाल्याची माडी. कोपऱ्यावरच्या दाताच्या डॉक्टरांचं गॅरेज, ज्यात आता दोन खुर्च्यांचा दवाखाना आहे. आम्ही काचा लावून बंद केलेली गॅलरी. यातलं एकही वहीत नव्हतं.

लेकीने टेबलाखालून त्यांचा हात दाबला. "बाबा, एक ओळ आहे फक्त. कोणाचं काही जात नाही."

ती सांगते, त्यांनी काही ठरवल्यासारखं दिसलंच नाही. डोकं खाजवलं नाही, उसासा टाकला नाही. चष्मा लावला आणि रकान्यात लिहिलं: मागील खोली अस्तित्वात नव्हती. नोंद मोजणाऱ्याने जाणून केली. मोजणारा मी. आणि सही केली, जुन्या सहीसारखीच, शेवटच्या अक्षराखाली दोन टिंबं देऊन.

"काका, असं का करताय?" बाईंनी विचारलं.

"कारण विचारलंय रकान्यात," काका म्हणाले.

आठवड्याभरात मोजणीला एक तरुण आला. त्याच्याकडे मुठीएवढं यंत्र होतं, भिंतीला लावून बटण दाबलं की समोरच्या भिंतीपर्यंतचं अंतर पडद्यावर येतं. इंचकाका सवयीने समोरच्या भिंतीपाशी जाऊन उभे राहिले, हात पुढे करून. टेपचं टोक धरायला.

"आजोबा, जरा बाजूला होता का? किरण तुमच्यावर पडतोय."

काका बाजूला झाले. हात मात्र थोडा वेळ तसाच पुढे होता.

त्यांचं घर सहा मिनिटांत मोजून झालं. सहाशे चौऱ्याण्णव. पण तो तरुण तिथून निघाला तो शेजारच्या घरात गेला, आणि मग त्याच्या शेजारच्या. गल्लीत अकरा घरांची आकारणी वाढली. आमचीही. माझे बाबा बिल बघून म्हणाले, "माणूस सरळ आहे यात वाद नाही. फक्त त्याच्या शेजारी राहायला नको होतं."

बेकरीवाल्याची सगळ्यात जास्त वाढली. तो संध्याकाळी काकांच्या दारात आला. हाताला पीठ तसंच. मी आमच्या जिन्यात होतो, प्रत्येक शब्द ऐकू येत होता.

"इंचकाका, माझी माडी तुम्हाला इतकी वर्षं दिसत नव्हती का?"

"दिसत होती."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"मला मोजायला सांगितलं नव्हतं कोणी."

"आणि आता कोणी सांगितलं? वहिनी गेल्या तेव्हा माझ्या बायकोने महिनाभर रोज सकाळी ताजा ब्रेड पाठवला तुम्हाला. आठवतंय का?"

"तेवीस दिवस," काका म्हणाले.

बेकरीवाला एक पाऊल पुढे आला. मला वाटलं, आता हात उचलणार. पण त्याचा आवाज खाली आला. "तुम्हाला काही वाटतं की नाही हो?" त्याने विचारलं, आणि ते त्याने खरोखर विचारलं होतं.

काका दाराच्या चौकटीला धरून उभे होते. "वाटायला हवं," ते म्हणाले. "अजून आलं नाही."

त्यानंतर डबे थांबले. कोणी भांडलं नाही, कोणी काही ठरवलंही नाही. रस्त्यात भेटले की लोक "काय, बरं आहे ना?" म्हणायचे आणि उत्तराआधी पुढे सरकायचे. आईने एकदा डबा भरला होता. बाबा म्हणाले, "पाठव की, मी कुठे नको म्हणतोय?" तो डबा ओट्यावरच गार झाला.

सुधारित बिल आलं. पेलण्यासारखं होतं. लेकीने स्वतः दोनदा आकडे मांडून बघितले आणि शब्द पाळला, घर विकण्याचा विषय काढला नाही. फक्त म्हणाली, "या गल्लीत आता तुमच्याशी बोलणारं कोण आहे?" काका म्हणाले, "राहायचं ठरलं होतं ना." भरणा करायला मात्र ती त्यांच्याबरोबर गेली.

खिडकीवर तोच अभिलेख कक्षातला कारकून होता, बदली होऊन भरण्याला आलेला. त्याने पैसे घेतले, शिक्का मारला आणि पावती पुढे सरकवण्याआधी थांबला. घर दोघांच्या नावावर होतं आणि पावतीवर पहिलं नाव काकूंचं छापून आलं होतं.

"इंचसाहेब, हे नाव राहिलंय की. कमी करायला हवं, नाहीतर नोंद चुकीची राहील. दाखला आणलाय का? आत्ताच करून टाकतो, दोन मिनिटांचं काम आहे."

काकांच्या काखेत प्लास्टिकची फाइल होती. तिच्यात बिल होतं, सुनावणीचा आदेश होता आणि सगळ्यात वर मृत्यूचा दाखला. पारदर्शक फाइल, त्यामुळे लेकीला तो शिक्क्यासकट दिसत होता. रांगेतला मागचा माणूस कुरकुरायला लागला.

काकांनी फाइल दुसऱ्या काखेत घेतली, दाखल्याची बाजू अंगाकडे करून.

"नाही आणला," ते म्हणाले.

"मग पुढच्या वर्षी आणा."

"बघतो," काका म्हणाले, पावती घडी न करता खिशात ठेवली आणि खिडकीपासून बाजूला झाले.