डिफ्लॅग्रेशन आणि कंपनीचा झेंडा

“मॅडम, पाटी झेंड्याच्या खांबाला ठोकली. वाळूच्या बादल्याबी ठेवल्यात,” सुपरवायझर गायकवाड फोनवर खुशीत सांगत होते.

“झेंड्याला? कशाला?”

“तुम्हीच मेल टाकला ना! डी-फ्लॅग-रेशनची पाटी लावा म्हणून. फ्लॅग म्हंजे झेंडाच की.”

मी कपाळाला हात लावला. शेंद्र्यातल्या त्या कारखान्यात मी सेफ्टी ऑफिसर. कस्टमरची ऑडिटर गेटवर पोचली होती. पेंट बूथवर धोक्याची पाटी दिसली नाही तर मोठी ऑर्डर हातची जाणार होती.

आता हा शब्द. आमच्या बूथमध्ये पावडर कोटिंग होतं, म्हणजे कोरडी रंगपूड गननं पत्र्यावर उडवतात. ती पूड हवेत भरली आणि ठिणगी पडली, की सगळी एकदम पेटते. त्या पेटण्याला म्हणतात डिफ्लॅग्रेशन. मूळ लॅटिन, ‘फ्लाग्रारे’ म्हणजे जळणं. झेंड्याचा काडीचा संबंध नाही. ज्वाळा आवाजाच्या वेगापेक्षा हळू पळाली तरच हा शब्द वापरायचा. जोरात पळाली तर ते डेटोनेशन, आणि मग शब्द शोधायला आपण उरत नाही.

मी धावत खाली गेले. वॉचमननं ऑडिटरबाईंना खांबापाशी अडवलं होतं.

“लांबून जावा मॅडम. झेंडा कव्हाबी पेटतो.”

“पण इथं पावडर कुठंय?”

“पावडर नाय. झेंडा हाय.”

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “लंचपर्यंत पाटी बूथवर हवी. आणि वाचणाऱ्याला कळेल अशी.”

मग गायकवाड माझ्या तावडीत सापडले.

“अहो, डोकं घरी ठेवून येता का? भडका! बूथमध्ये भडका उडतो, भडका!”

“मंग असं बोला की! उगं लई अवघड करून ठेवलं.”

त्यांनी स्टोअरमधून दोन पत्रे आणले, एक बिघडला तर दुसरा असावा म्हणून. लाल रंगात लिहिलं: ‘इथं भडका उडतो. ठिणगी आणू नये.’ एकही बिघडला नाही.

लंचनंतर बाईंनी बूथवरची पाटी वाचली, मान डोलावली. मी त्यांना सही करायला माझ्या केबिनकडे नेलं. दारावर दुसरी पाटी.

“गायकवाऽऽड!”

बाईंनी एकदा पाटीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. रिपोर्टात लिहिलं, ‘दोन्ही पाट्या योग्य जागी.’

ऑर्डर हातची गेली नाही. तेव्हापासून मी मेल मराठीत टाकते आणि पाट्या मोजून करून घेते.