दोन्ही बाजूंनी हलणाऱ्या ओळी

माझी मुलगी चौथीत गेली तरी तिला वाचता येत नव्हतं, आणि घरात ते कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. कारण तिला सगळं पाठ असायचं. नावडे गावातल्या आमच्या फ्लॅटमध्ये संध्याकाळी ती पुस्तक मांडीवर घेऊन धडे घडाघडा म्हणायची. शाळेतल्या बाईंनी मला बोलावून घेतलं आणि माझ्यासमोरच न शिकवलेलं एक पान तिच्यापुढे ठेवलं, तेव्हा ती आधी चित्राकडे वळली. मग त्यावरून मनानेच काहीतरी सांगू लागली.

रिक्षात बसल्यावर मी विचारलं, "तुला दिसत नाही का गं?"

"दिसतं. पण ओळी हलतात. वरची रेघ थरथरते. मग टिंब कुठल्या अक्षराचं, तेच कळत नाही."

मला हे बहाणे वाटले. तरी खारघरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. नंबर नव्हता, बाकीही सगळं ठीक होतं. शाळेत वाचनात मागे पडलेल्या मुलांसाठी वेगळ्या बाई यायच्या. त्यांनी रंगीत, पारदर्शक प्लास्टिकचे पातळ कागद काढले आणि एकेक करून तिच्या पानावर ठेवले. पिवळा तिला नको झाला. निळ्यावर ती म्हणाली, "थोडं बरंय." मग फिकट नारिंगी ठेवला. ती ओळीवरून बोट फिरवत गेली.

"आता गप्प बसल्यात," ती म्हणाली.

मी पुन्हा डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "काही मुलांना याने बरं वाटतं. वाटत असेल तर वापरू द्या. पण हे औषध नाही, आणि याने वाचता येईलच असं मी सांगणार नाही. शिकवणं सोडू नका."

शाळेत कागद चालणार होता. मला काळजी होती ती घरातल्या शिकवणीची. आम्ही इकडचेच, रायगडच्या किनाऱ्याकडचे मुसलमान. मुलीला अरबी शिकवायला एक बाई घरी यायच्या, सगळी मुलं त्यांना आपा म्हणायची. मुलीचा कायदा, म्हणजे अरबी अक्षरओळखीचं पुस्तक, संपत आला होता. ते झालं की सिपारा, म्हणजे कुराणाचा एक भाग, हातात मिळायचा. सासूबाईंनी त्यासाठी दिवस ठरवून नणंदेला आणि शेजारणींना बोलावणं केलं होतं.

मी मुलीला विचारलं, "अरबीच्या ओळीसुद्धा हलतात?"

"हो. तिकडून वाचलं तरी हलतात."

मराठी डावीकडून, अरबी उजवीकडून. दोन्हीकडून तेच. त्या क्षणी मला खात्री पटली की पोरगी बहाणे करत नाही. तिथेही ती आपांच्या तोंडचं ऐकून पाठ करत होती.

नवरा तळोज्याला कंपनीत. तो शूज घालता घालता म्हणाला, "टेन्शन घेऊ नको. पण अम्मीच्या कानावर घाल."

मी घातलं. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. "त्याच्यावर पिलास्टिक ठेवून वाचायचा? असा कोन वाचतो? चार लोकांत बरा नाय दिसत."



ठरलेल्या दिवशी दुपारी हॉल भरला होता. पांढरी ओढणी घेऊन मुलगी आपांसमोर बसली. मी सकाळीच कागद धुऊन, पुसून ठेवला होता; तो माझ्या मांडीवर ओढणीखाली होता. आपांनी कायद्याचं शेवटचं पान उघडलं. हे पान अजून शिकवलेलं नव्हतं.

मुलगी लगेच म्हणू लागली, पण मागच्याच पानावरचं. आपांनी तिच्या बोटाकडे पाहिलं.

"बोट कुठंय बेटा? इथे हे लिहिलंय का?"

ती थांबली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. कुणीतरी ग्लास खाली ठेवला, त्याचा आवाज मला मोठा वाटला. मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या जमिनीकडे बघत होत्या. मग मी उठले आणि कागद पानावर ठेवला.

"हे काय आता?" नणंद म्हणाली.

मी म्हटलं, "तिला ओळी हलताना दिसतात. याने जरा थांबतात."

आपांनी कागद उचलून खिडकीकडे धरला, उलटा करून पाहिला.

"साफ आहे?"

"धुऊन आणलाय."

"यावर काही लिहिलेलं नाही ना?"

"नाही. कोरा आहे."

 मला वाटलं, आता आपा तो परत देतील. पण त्यांनी तो स्वतःच्या हाताने ओळीवर नीट बसवला आणि मुलीला म्हणाल्या, "वाच."

ती एकेक अक्षर जोडत वाचू लागली. अडली, चुकली, आपांनी सुधारलं, ती पुन्हा मागे आली. एक ओळ संपायला इतका वेळ लागला की शेजारणी पाय बदलून बसल्या. पण बोट आणि तोंड एका जागी होतं. ओळ संपल्यावर आपांनी पुस्तक मिटलं.

"सिपारा आज नाही," त्या सासूबाईंना म्हणाल्या. "आजपर्यंत ही माझं ऐकून म्हणत होती. आज बघून वाचलं. कायदा परत पहिल्या पानापासून घेऊ."

बायका मिठाई खाऊन लवकर उठल्या. सासूबाई आपल्या खोलीत जाऊन बसल्या. मुलगी स्वयंपाकघरात माझ्या कुशीत शिरून रडली. "मी वाचलं ना? मग मागे का?" मी म्हटलं, "वाचलंस म्हणूनच." तिला ते पटलं नाही, आणि खरं तर त्या दिवशी मलाही नव्हतं पटलं.

दोन-तीन दिवस घरात बोलणं तुटकच चाललं. मग एका सकाळी मी कागद धुवायला घेतला तर सासूबाईंनी तो हातातून काढून घेतला. "घासतेस कशाला? चरे पडतील त्याला. दे इकडं, मी धुते."

कायदा दुसऱ्यांदा संपायला बरेच महिने गेले. शाळेतल्या बाईंनीही मराठी पार मुळाक्षरांपासून घेतलं. आता ती सहावीत आहे. हळू वाचते, पण वाचते. कधी कागद घेते, कधी विसरून जाते. उपयोग त्याचा झाला की दुसऱ्यांदा शिकण्याचा, हे मला आजही ठाऊक नाही. तिला विचारलं तर म्हणते, "मला वाचू दे ना."