तात्यांचे जावईबापू

तात्या परब आपल्या गोळीला 'जावईबापू' म्हणत. जेवण झालं की काकी ती स्टीलच्या वाटीत आणून ठेवायच्या आणि तात्या सदऱ्याचं वरचं बटण लावूनच ती घ्यायचे. "जावयाचो मान राखूक होयो," म्हणायचे. "रुसलो तर गळो धरतलो." यावर हसायचे ते एकटेच.

लालबागच्या आमच्या चाळीत त्यांची खोली माझ्या शेजारची. शिवडीच्या गोदामात जन्म काढलेला हा धिप्पाड माणूस मानेतल्या कॅन्सरच्या गाठींनी पार वाळून गेला होता. नेहमीच्या औषधांनी हात टेकले, तेव्हा परळच्या एका हॉस्पिटलात डॉक्टरांनी नव्या औषधाच्या चाचणीबद्दल विचारलं. गोळ्या फुकट, पण सारख्या तपासण्या करू द्यायच्या. काकी नको म्हणत होत्या. "मरतल्याक कसला भंय?" म्हणत तात्या सही करून आले. गाठी विरघळल्या. तात्या पुन्हा गॅलरीत उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याची फिरकी घेऊ लागले.

मग एके दिवशी ते पेढ्यांचा बॉक्स घेऊन दारोदार फिरले. औषधाला सरकारी मंजुरी मिळाली होती. नातू दहावी झाल्याच्या थाटात सांगत होते, "आमचा औषध मंजूर झाला. माझ्या रक्तान झाला." आम्हीही पेढा तोंडात टाकून कौतुक केलं. त्या मंजुरीचा अर्थ चाळीत एकालाही कळला नव्हता.

कळला तो हॉस्पिटलात. काकींचे गुडघे धरले होते, म्हणून सोबत मी गेले होते. डॉक्टरीणबाई भल्या होत्या, पण तात्यांच्या नजरेला नजर देत नव्हत्या.

"काका, चाचणी संपली. औषध आता बाजारात आलंय."

"बरं झालं की. दुकानात मिळेल?"

"मिळेल. विकत."

त्यांनी किंमत सांगितली. तात्यांना वाटलं, वर्षाची. ती महिन्याची होती. कंपनीला लिहिते, असं बाई म्हणाल्या, लिहिलंही असेल. उत्तर काही आलं नाही.

बाहेर आल्यावर तात्या म्हणाले, "रांधला आम्ही, जेवतले दुसरे." थोडं चालून म्हणाले, "आणि ते तरी किती जेवतले? तेंकाय परवडाक होया."

त्या दिवसापासून मला भीतीने घेरलं. ट्रस्टांचे उंबरठे झिजवले, ओळखी काढल्या; सगळीकडे 'बघतो' एवढंच. तात्या उरलेल्या गोळ्या दिवसाआड घेऊ लागले. तसं करू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण संपल्यावर काय, हे कोणीच सांगत नव्हतं. जेवणानंतर भिंतीपलीकडे वाटी वाजली की माझा जीव भांड्यात पडायचा. नाही वाजली की ताट सरकवून मी भिंतीला कान लावायचे. तात्या जाऊन वर्ष होत आलं, तरी ती वेळ झाली की मी अजून कान देते.

त्या दिवसाआडच्या गोळ्या चालू असतानाच, एका सकाळी ऑफिसला निघाले तर तात्या दारात उभे. काकी आत तांदूळ निवडत होत्या. तात्यांनी माझा हात धरून आपल्या मानेवर ठेवला.

"बघ गो बाय, काय लागता काय? हिका इचारूक धीर होणा नाय."

कानाच्या खाली बोटाला वाटाण्याएवढं काहीतरी लागलं. टणक. तात्या माझ्या चेहऱ्याकडे एकटक बघत होते.

"काही नाही हो तात्या," मी म्हणाले.

"मगे तुझो हात असो थंड कित्याक पडलो?"