आठ नंबरच्या पिशवीतलं शिसं

आठ नंबरच्या पिशवीचा आकडा बघून पाठक सरांनी मशीन बंद केलं, पुन्हा चालू केलं आणि तीच माती परत लावली. आकडा तोच आला. मग ते चष्मा काढून माझ्याकडे वळले.

"सुमनबाई, या पिशवीत काय घातलंत?"

"माती."

"बाकीच्या अकरा पिशव्या साफ आहेत. हिच्यात एवढं शिसं आहे की बॅटरीचा कारखाना वाटावा."

मी चौथी पास. इंदूरच्या एका कापड मिलमध्ये रीलिंग खात्यात, म्हणजे सुताच्या लडी करायच्या खात्यात, मी अठरा वर्षं काढली. मिल बंद पडल्यावर पाठक सरांच्या लॅबमध्ये बाटल्या धुवायला लागले. पुढे सॅम्पल आणायचं काम माझ्याकडे आलं, कारण लॅबमधली शिकलेली मंडळी उन्हात जायला कुरकुरायची.

काम अवघड नाही, पण शिस्तीचं आहे. नकाशावर जमिनीचे चौकोन पाडतात, त्याला ग्रिड म्हणतात. प्रत्येक चौकोनात ठरलेल्या पाच जागी वीतभर खड्डा करायचा. पाचही जागची माती प्लास्टिकच्या टबात मिसळायची. तिचा ढीग करून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, उरलेले पुन्हा मिसळायचे. किलोभर राहिली की पिशवीत भरायची. चिठ्ठी पेन्सिलीने लिहायची, शाई ओलीने पसरते.

या वेळची जमीन माझ्याच मिलची होती. मिलचा एक कोपरा कामगारांच्या सोसायटीला घरं बांधायला मिळाला होता. पण बँक म्हणाली, मिलच्या जमिनीत काय काय मुरलेलं असतं, आधी शिशाचा रिपोर्ट आणा, मग कर्ज. बँकेचं बरोबर होतं. लहान मुलं मातीत खेळतात आणि तेच हात तोंडात घालतात. शिसं पोटात गेलं की मूल मठ्ठ होत जातं, आणि कोणाला कळतही नाही.

सोसायटीचा सेक्रेटरी चौहान मिलमध्ये फिटर होता. मिलची चाळ रिकामी करायची नोटीस त्याला आली होती, आणि एका खोलीत घरची सात माणसं, त्यात एक लहान नातू. त्यामुळे तो रोज लॅबमध्ये येऊन बसायचा. त्या दिवशीही आला.

"क्या बाई, अपनी मिट्टी पास हुई के नी?"

"अकरा पास, एक नापास."

"तो नापास वाली फेंक दो ना भिया. बारा में से ग्यारह, फर्स्ट क्लास है."

"चौहानजी, ये मैट्रिक की परीक्षा नहीं है," सर म्हणाले. "आठ नंबर में किसका प्लॉट है?"

"मेरा," चौहान म्हणाला आणि स्टुलावर बसला.

सर माझ्याकडे वळले. "आठ नंबरमध्ये खड्डे किती केले?"

"सहा."

"पाच सांगितले होते."

"सहावा मारुतीच्या ओट्याजवळ."

मिलची ती पद्धतच होती. कुठलंही काम मारुतीपासून सुरू करायचं. नवीन मशीन बसवायचं असलं तरी पहिला पाना ओट्याला टेकवून आणायचे. मी अठरा वर्षं तेच बघितलेलं. गेटातून आत गेले, नमस्कार केला, ओट्याच्या बुडाशी पहिली खुरपी मारली आणि ओटा आठ नंबरच्या चौकोनात येतो म्हणून ती माती आठ नंबरच्या टबात टाकली. मग नकाशाप्रमाणे पाच खड्डे केले.

"ग्रिड कशाला म्हणतात ते तुम्हाला समजावलं होतं," सर म्हणाले.

"समजावलं होतं. चूक माझी."

ओट्याचं नाव निघताच चौहान स्टुलावरून पुढे सरकला.

"सर, वहाँ तो हम चोला गाड़ते थे," तो म्हणाला.

चोला म्हणजे मारुतीच्या अंगावरचा शेंदराचा थर. दर शनिवारी तेलात कालवून नवा लावायचा. थर जाड झाला की आपोआप सुटून येतो. देवाच्या अंगावरचं म्हणून तो कचऱ्यात टाकत नाहीत. आमच्या मिलमध्ये तो ओट्याच्या कडेला पुरायचे.

"सिंदूर कहाँ से लाते थे?" सरांनी विचारलं.

"स्टोर से. रेड लेड. पाइप के जोड़ पे लगाते थे न, वोई. पूरा ड्रम पड़ा रहता था. हर शनिवार को एक डिब्बा. भगवान के काम में स्टोरकीपर क्या बोलता?"

रेड लेड म्हणजे शिशाचाच लाल भुगा. मिल चालली तितकी वर्षं दर शनिवारी एक डबा. सर हसायला लागले ते थांबेचनात. चौहानलाही हसू आलं.

"तो सीधी बात है सर," तो म्हणाला. "बाई की मुट्ठी हटाओ. नक्शे के पाँच गड्ढे फिर से करो और रिपोर्ट दे दो."

तसं करता आलं असतं. ओटा नकाशावरच्या एकाही खड्ड्याजवळ नव्हता. नियमाने मोजलं असतं तर आठ नंबर पास झाला असता. मी सोसायटीचा नकाशा मागितला. ओट्याभोवती गोल काढला होता आणि आत लिहिलं होतं, बच्चों का बगीचा.

"हे कोणी काढलं?"

"मैंने. बच्चे भगवान के सामने खेलेंगे."

"पोता कहाँ खेलेगा तुम्हारा?" मी विचारलं.

चौहानने नकाशा आपल्याकडे ओढला, बघितला, परत सरकवला.

"लिख दो सर," तो म्हणाला. "सब लिख दो."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं गेलो. आठ नंबरचे पाच खड्डे नव्याने केले, ते साफ निघाले. मग ओट्यापासून पावलापावलावर सॅम्पल घेत बाहेर गेलो. सातव्या पावलाला माती साफ लागली. तेवढा गोल कमरेइतका खोल खणून माती ड्रममध्ये भरली, आणि असला माल नीट पुरतात तिथे सरांनी पाठवली. बँकेने आणखी दोन महिने लावले, पण कर्ज दिलं. बगीचा पाण्याच्या टाकीकडे गेला. चौहानचं घर आठ नंबरमध्येच झालं.

मारुतीला सिमेंटचा ओटा केला. मी चौहानला बजावलं, आता फुलं आणि तेल, शेंदूर बंद.

"बजरंगबली नाराज हो जाएँगे बाई."

"माझ्याकडे पाठव त्यांना."

पाठक सरांनी लॅबच्या फॉर्मवर एक नवीन रकाना घातला: या जागी पूर्वी काय होतं, तिथल्या जुन्या माणसांना विचारून लिहा. आणि मला ग्रिडचा नियम दहा वेळा लिहायला लावला. चौथी पास बाईला तेवढं येतं.

नकाशावरचे खड्डे नकाशाप्रमाणेच करावेत. जादा खड्डा करावासा वाटला तर जरूर करावा, पण त्याची माती वेगळ्या पिशवीत भरावी आणि चिठ्ठीवर खरं काय ते लिहावं.