उलांडीवरची जागा

शर्यतीच्या सकाळी आमची होडी यादीतून खोडली, ती माझ्यामुळे. गावात मोबाईल आले होते, होड्यांना यंत्रं लागली होती. जुन्या शिडाच्या होड्या या शर्यतीपुरत्याच खोल समुद्रात जायच्या. एवढं सगळं बदललं, पण बाईचा पाय लागला की होडी बाटते, हे तेवढं तसंच होतं. आम्ही बायका मासळी विकून घरं चालवतो, तेव्हा नाही कुणाचं काही बाटत!

शिडाच्या होडीला एका बाजूला तोल सांभाळायला आडवं लाकूड बांधतात, ती उलांडी. वारा वाढला की तिच्यावर कुणीतरी बसायचं, नाहीतर होडी कलंडते. ते काम भावाचं. तो ऐन वेळी गोव्याच्या ट्रॉलरवर गेला. मी बाबांना म्हटलं, मी बसते. लहानपणापासून किनाऱ्यालगत बसतच आले होते. सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीच पाहिलं नव्हतं.

"चेडवाक होडयेत घेतलंस तर होडी गणतीत नाय," शर्यत भरवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष माझ्याकडे बोट दाखवत बाबांना म्हणाले.

"गणती तुझी. दर्यो तुझो नाय," म्हणत बाबांनी शीड चढवलं. मला मात्र गणतीतच यायचं होतं.

खडकाला वळसा घालून परतायचं होतं. जाताना जमिनीकडचा मतलई वारा सगळ्यांना सारखाच मिळाला. वळसा घेतला आणि वारा पडला. शर्यतीत वल्ह्यांना मुभा होती, तेव्हा सगळे घराच्या दिशेने वल्हवू लागले. मला मात्र पश्चिमेला पाण्यावर काळपट रेघ दिसली.

"बाबा, होडी भायर घे. वारो थंय आसा."

बाबांनी घराकडे पाठ फिरवली. आम्ही दोघांनी दात-ओठ खाऊन वल्हवलं. समुद्राकडून जमिनीकडे येणारा खारा वारा आधी आम्हालाच मिळाला. शीड फुगलं, मी उलांडीवर चढले आणि ओरडतच सुटले. भीती वाटत होती, पण मजाही तेवढीच येत होती.

आम्ही पहिले आलो. माईकवर नाव पुकारलं दुसऱ्या होडीचं, नारळही तिलाच दिला.

मासळीची पाटी डोक्यावर घेऊन आई बंदरावर उभी होती. तिने पाटीतून आमचा नारळ काढला. परतलेल्या होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, नारळ फोडून पहिला तुकडा तांडेलाला, म्हणजे होडी चालवणाऱ्याला, द्यायची रीत. आमच्याकडे तो कायम बाबांचा. त्यांनी नारळ फोडला आणि तुकडा माझ्यापुढे धरला.

"घे गो. होडी तू पयली हाडलंस," ते अख्ख्या बंदराला ऐकू जाईल असं म्हणाले.

मी तो तुकडा उलांडीवर बसूनच, अध्यक्षांच्या डोळ्यांदेखत, सावकाश चावून खाल्ला.