मांडवाबाहेरचा फोटो

कळंबच्या बाजारात स्टुडिओ असलेले फोटोग्राफर चाचा मला प्रत्येक लग्नात आधी मांडवाबाहेरच दिसतात. आत नवरानवरी घामाघूम होऊन त्यांची वाट बघत असतात आणि चाचा बाहेर गुडघे टेकून चपलांच्या ढिगाचा फोटो काढत असतात. एका लग्नात एकच, तोही स्वतःसाठी.

"माणूस फोटोसाठी नटतो भाऊ, चप्पल न्हाय नटत."

एकदा चप्पल चोरीला गेलेला पाहुणा पुरावा मागायला स्टुडिओत आला. चाचांनी त्याला चहा पाजला, फोटो काही दाखवला नाही. "ही माझी आठवण हाय, पंचनामा न्हाय!"

माझे वडील गेले, तेव्हा चुलत बहिणीच्या लग्नाचा अल्बम मी चारदा चाळला. त्या दिवशी वडिलांनी सगळी जेवणावळ सांभाळली होती, पण ते एकाही फोटोत नव्हते. मी तणतणत स्टुडिओत गेलो. "चाचा, घरचा माणूस सुटतोच कसा?"

चाचांनी त्या लग्नातला चपलांचा फोटो काउंटरवर ठेवला. सगळ्या चपलांची तोंडं मांडवाकडं होती. एकच जोड, अंगठा तारेनं बांधलेला, आचाऱ्याच्या चुलीकडं तोंड करून होता.

"वळखलं?"

"व्हय."

फोटो त्यांनी दिला नाहीच. "बघावं वाटलं की येत जावा," म्हणाले.

तेव्हापासून कुणाच्याही लग्नात मी चपला जरा कडेला, चाचांना नीट दिसतील अशा काढून ठेवतो.